शाळेच्या कपाटातल्या सीडी-डीव्हीडी : आधी कॉपी करा, मग आटवा!



तुमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात एक खोका असेल. त्यात जुन्या प्रशिक्षणाच्या सीडी, बालगीतांच्या सीडी, एखाद-दुसरा मराठी चित्रपट आणि स्नेहसंमेलनाच्या डीव्हीडी. घरीही टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये लग्नाची, बारशाची, जावळाची डीव्हीडी असतेच. ती लावायचा प्लेअर मात्र केव्हाच भंगारात गेलेला असतो, आणि नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते.

या डिस्क वाचवायच्या कशा, त्यातला व्हिडिओ लहान कसा करायचा, लहान करताना नेमकं काय जातं आणि काय राहतं, हे आज आपल्या भाषेत सांगतो. यातूनच पाचवीच्या वर्गासाठी गणिताचा एक छान तासही निघाला. तोही देतो.

या डिस्क आल्या कुठून?

आज जे शिक्षक तिशी-पस्तिशीत आहेत त्यांचं शाळकरी वय व्हीसीडीत गेलं. गावात व्हीसीडी प्लेअर आणि कलर टीव्ही भाड्याने मिळायचा. एका रात्रीच्या भाड्यात तीन पिक्चर बघून घ्यायचे, म्हणून पहाटेपर्यंत कोणी झोपायचं नाही. एक पिक्चर दोन किंवा तीन सीडींवर असायचा, कारण व्हीसीडीच्या एका चकतीत ७४ ते ८० मिनिटांचंच चित्र बसतं. मध्येच चकती बदलायला उठायचं काम घरातल्या धाकट्याकडे.

तेव्हा ओरिजिनल डिस्क महाग आणि कॉपी स्वस्त. २००७ साली मोझर बेअर कंपनीने ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. त्यामुळे कितीतरी घरांत पहिल्यांदाच छापील कव्हरची खरी डिस्क आली. पुढे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि मोबाईल आले. चौकातल्या दुकानावर 'डाउनलोडिंग करून मिळेल' अशी पाटी लागली आणि चकतीचा जमाना संपला. २०१८ साली ती कंपनीही दिवाळखोरीत निघाली.

पिक्चर मोबाईलवर परत मिळाले, पण स्नेहसंमेलनाची डीव्हीडी कोणत्याही अॅपवर मिळत नाही. तिच्या जगात दोन-चारच प्रती असतात.

कपाट उघडायचं कारण

मी ईटला बदलीने आलो तेव्हा हा खोका कपाटात होताच. त्याकडे लक्ष गेलं ते गेल्या वर्षी. माझ्या वर्गातल्या एका मुलाची मोठी बहीण शाळेत आली. ती स्वतः याच शाळेत शिकलेली, आता कॉलेजला आहे. म्हणाली, "सर, मी पहिलीत असताना गॅदरिंगची शूटिंग झाली होती. त्यात आमच्या बप्पांचं भाषण हाय. ती सीडी शाळेत असंल का?"

तिचे वडील तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. २०१६ मध्ये ते वारले. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. घरात लग्नातले फोटो आहेत, आधार कार्डावरचा फोटो आहे, पण आवाज कुठेच नाही. वडील गेले तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता. "त्याला बप्पांचा आवाज म्हाईतच नाही, सर," एवढंच ती म्हणाली.

खोक्यात ३१ डिस्क निघाल्या. २०१३ च्या संमेलनाची डीव्हीडी त्यात होती. कागदी पाकिटात, कडेला ओरखडे.

चकती खराब का होते?

विकतच्या डिस्कवर माहिती कारखान्यात ठशाने उमटवलेली असते. स्टुडिओवाला घरी 'राइट' करून देतो त्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जागोजागी बदललेला असतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हा रंग हळूहळू उतरतो. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट मे महिन्यात किती तापतं हे आपल्याला सांगायला नको.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सीडीची माहिती चकचकीत बाजूपेक्षा नावाच्या बाजूला जास्त जवळ असते. त्यामुळे नावाच्या बाजूने ओरखडा पडला तर तो सहसा भरून येत नाही. म्हणून त्या बाजूला बॉलपेन चालवू नका, चिठ्ठी चिकटवू नका. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

दुसरी गोष्ट, डिस्क आतून बाहेर वाचली जाते. कार्यक्रमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ आणि शेवट कडेला. हाताळताना ओरखडे पडतात ते जास्त करून कडेला. आपल्या संमेलनात आधी दीपप्रज्वलन, मग भाषणं आणि शेवटी नाच. मुलांना भाषणं कंटाळवाणी वाटतात, पण आमच्या डिस्कमध्ये तीच भाषणं सुरक्षित जागी होती. शेवटच्या दोन नाचांचं चित्र मात्र अडकत होतं.

कॉपी वेगळी, आटवणं वेगळं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कॉपी म्हणजे जसंच्या तसं उतरवून घेणं. कॅसेटच्या काळी कॅसेटवरून कॅसेट केली की आवाज बसायचा, आणि त्या कॅसेटवरून तिसरी केली की खरखर वाढायची. डिजिटल कॉपीत तसं होत नाही. दहावी कॉपी पहिलीइतकीच चांगली, कारण उतरवले जातात ते आकडे. पाढा दहा जणांनी नीट उतरवून घेतला तरी सात आठे छप्पनच राहतात.

आटवणं म्हणजे कॉम्प्रेस करणं. आपल्या भूम तालुक्यात हे समजावून सांगायची गरजच नाही. इथे खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीचा पेढा आपल्याच तालुक्यातला. पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा मिळतो. न्यायला सोपा, ठेवायला सोपा. पण खव्यात पाणी घालून पुन्हा तेच दूध करता येतं का? येत नाही. व्हिडिओचंही तसंच. एकदा आटवला की गेलेला बारकावा परत येत नाही. आणि आटवलेला पुन्हा आटवला तर? खवा दुसऱ्यांदा कढईत टाकला तर तो करपतो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी जशीच्या तशी कॉपी, मग त्या कॉपीवरून आटवलेली लहान फाइल. लहान फाइल मोबाईलसाठी. मूळ कॉपी जपून ठेवायची.

पाचवीचा तास : चित्र कसं आटवतात?

हा तास मी चौकटीच्या वहीवर घेतला. मुलांना ८ × ८ चौकटींत घराचं चित्र रंगवायला सांगितलं. चौकट एकतर पांढरी नाहीतर काळी. मग म्हटलं, "हे चित्र फोनवरून मामाला सांगायचंय. कमीत कमी शब्दांत सांगा."

पहिली ओळ सगळी पांढरी. एकाने सांगितलं, "पांढरी, पांढरी, पांढरी…" आठ वेळा. दुसरीने हात वर केला, "सर, आठ पांढऱ्या!" झालं, मुलीने स्वतःच कॉम्प्रेशन शोधलं. फळ्यावर लिहिलं : ८प. पुढची ओळ : ३प २क ३प. आठ खुणांच्या जागी सहा.

मग मुद्दाम बुद्धिबळाच्या पटाची ओळ दिली. १प १क १प १क… आठ चौकटींसाठी सोळा खुणा झाल्या! मुलं हसली. पण मोठी गोष्ट कळली : जिथे सारखेपणा असतो तिथेच आटवता येतं. क्षणाक्षणाला बदलणारी गोष्ट आटवायला अवघड.

आतापर्यंत काहीच गेलं नाही. मामा चित्र तंतोतंत काढू शकतो. यानंतर म्हटलं, आता कडुलिंबाचं झाड सांगा. प्रत्येक पान सांगायचं का? "नाही सर, हिरवा गोळा सांगायचा." इथे मात्र काहीतरी गेलं. मामाला झाड मिळेल, पानं मिळणार नाहीत. व्हिडिओ आटवताना संगणक या दोन्ही युक्त्या वापरतो.

तिसरी युक्ती हलत्या चित्राची. डीव्हीडीत दर सेकंदाला २५ चित्रं असतात. भाषण चालू असेल तर मागचा पडदा, टेबल, हार सगळं तसंच असतं. हलतात ते ओठ आणि हात. मग प्रत्येक वेळी पूर्ण चित्र कशाला साठवायचं? बदललेलं तेवढंच साठवायचं.

आता गुणाकार करून घ्या. डीव्हीडीचं एक चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे ३ आकडे, म्हणजे १२,४४,१६० बाइट. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ३,११,०४,००० बाइट. एका तासाचे होतात सुमारे ११२ जीबी! आणि डीव्हीडीची जागा किती? ४.७ जीबी. म्हणजे स्टुडिओवाल्याने दिलेली डीव्हीडी आधीच आटवलेली असते. आपण घरी करतो तो दुसरा उकळा. त्यामुळे हात जपूनच चालवायचा.

घरच्या संगणकावर कसं करायचं?

१) डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका.

२) लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. केंद्रातल्या चार शाळांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. एका ड्राइव्हमध्ये डिस्क अडकली तर दुसऱ्यात घालून बघा. आमची डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हने नाकारली, पण ऑफिसमधल्या जुन्या डेस्कटॉपने वाचली.

३) डिस्क उघडल्यावर 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर दिसेल. आत 'व्हीओबी' प्रकारच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या फाइली असतात. अख्खं फोल्डर संगणकावर कॉपी करा. ही तुमची मूळ कॉपी. फोल्डरच्या नावात साल आणि कार्यक्रम लिहा.

४) डिस्क व्हीसीडी असेल तर 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली 'डीएटी' फाइल कॉपी करा. ती व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम चौथाई. तिला पुन्हा आटवू नका, आटवण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं.

५) डीव्हीडी लहान करायला हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. त्यात ते फोल्डर उघडा, सर्वांत लांब भाग निवडा आणि तयार सेटिंगपैकी 'फास्ट ५७६पी२५' घ्या. हलत्या हातांभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर 'डीइंटरलेस' चालू करा.

६) गुणवत्तेचा आकडा, ज्याला तिथे आरएफ म्हणतात, २० च्या आसपास ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. 'मला ३०० एमबीतच पाहिजे' असा हट्ट धरू नका. याचं कारण आपलं लेझीम! भाषणाचं चित्र थोड्या जागेत छान बसतं. लेझमात सगळेच हलतात, बुद्धिबळाच्या ओळीसारखं. तिथे जागा कमी पडली की चेहऱ्यांचे चौकोन होतात. गुणवत्ता ठरवून दिली तर संगणक भाषणाला कमी आणि लेझमाला जास्त जागा आपोआप देतो.

७) आवाजावर कंजुषी करू नका. १६० केबीपीएस दर्जाचा आवाज तासाला फक्त ७२ एमबी घेतो. आमची ३.९ जीबीची डीव्हीडी १.१ जीबी झाली, त्यात आवाजाचा वाटा किरकोळ. तो निम्मा करून काही हाती लागत नाही, जातं मात्र फार.

या सातव्या मुद्द्यावर मी का अडून बसतो ते सांगतो. आमच्या त्या डीव्हीडीत वडिलांचं भाषण दोन मिनिटं दहा सेकंदांचं निघालं. चित्र फार चांगलं नव्हतं. कॅमेरा लांब, चेहऱ्यावर सावली. आवाज मात्र माइकवरून सरळ घेतलेला, स्वच्छ. मुलाची आई, बहीण आणि तो, तिघं शाळेत आले तेव्हा मी त्यांना संगणकापुढे बसवून बाहेर गेलो. नंतर मुलाने मला एकच गोष्ट सांगितली, "सर, बप्पा पण 'शाळंला'च म्हणतेत."

त्याच्या वहीत त्या शब्दावर लाल पेनाने 'शाळेला' असं लिहिलेलं होतं. आजही प्रमाण भाषा शिकवताना मी 'शाळेला'च लिहून देतो. पण त्याने तो शब्द कुणाकडून घेतला, हे आता त्यालाही माहीत आहे आणि मलाही. चेहरा फोटोतून कळतो. बोलण्याची लकब फक्त आवाजात राहते, आणि व्हिडिओ आटवताना लोक सर्वांत आधी तोच कापतात.

कोणत्या डिस्क आपल्या, कोणत्या नाहीत?

हेही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपण मुलांना प्रामाणिकपणा शिकवतो.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे आपण पैसे देऊन लग्नाचं शूटिंग करून घेतलं आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या चित्रीकरणाचा पहिला हक्क आपला. संमेलनाचंही तसंच. मात्र स्टुडिओवाल्याने मागे लावलेली सिनेमाची गाणी आपली होत नाहीत. म्हणूनच असे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले की कधी कधी आवाज बंद होतो.

विकतच्या चित्रपटाची गोष्ट वेगळी. 'श्यामची आई'ची ओरिजिनल डिस्क शाळेत आणून मुलांना आणि पालकांना दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. कलम ५२ मध्ये शाळेसाठी तशी सोय आहे, फक्त बघणारे शाळेशी संबंधित हवेत. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे मुलांना जरूर सांगा. पण त्याच डिस्कच्या कॉपी काढून वाटणं, पेन ड्राइव्हमध्ये भरून देणं, ग्रुपवर टाकणं यात शाळेची सोय लागू होत नाही. बऱ्याच विकतच्या डीव्हीडींवर कुलूप असतं. ते १९९९ मध्येच फुटलं आणि त्यासाठी नॉर्वेतल्या एका तरुणावर खटलाही चालला. त्यात तो निर्दोष सुटला. पण आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हँडब्रेक स्वतः हे कुलूप उघडत नाही, आणि शाळेला त्याची गरजही नाही. आपल्या संमेलनाच्या डिस्कवर कुलूप नसतंच.

आणखी एक. संमेलनाच्या व्हिडिओत लहान मुली-मुलं असतात. ज्याचं त्याच्या घरी द्या. जाहीर ठिकाणी टाकायचं असेल तर पालकांना आधी विचारा.

जपायचं कुठे?

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, आपला पहिला चित्रपट. तो आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. जुने चित्रपट जपायला १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच साठवणीच्या जागी आग लागली आणि संग्रहालयाची जुनी नायट्रेट फिल्म जळून गेली. एवढ्या मोठ्या संस्थेवर जी वेळ आली ती शाळेच्या एका कपाटावर यायला कितीसा उशीर?

म्हणून मूळ कॉपी किमान दोन ठिकाणी ठेवा. एक शाळेच्या हार्ड डिस्कवर, दुसरी शाळेबाहेर कुणाच्या तरी घरी किंवा गुगल ड्राइव्हवर, जिथे १५ जीबी जागा मोफत मिळते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते पुन्हा आटवलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. वर्षातून एकदा फाइली उघडून बघा. आणि डिस्क उतरवून झाली तरी फेकू नका.

आमच्या ३१ पैकी २६ डिस्क पूर्ण उतरल्या. तीन अर्धवट निघाल्या आणि दोन वाचल्याच नाहीत. त्या दोन्हींवर फक्त साल लिहिलेलं आहे. त्या वर्षीची मुलं आता कुठे कुठे आहेत याची यादी जुन्या हजेरीवरून काढतोय. कुणाच्या तरी घरी दुसरी प्रत असेल.

तुमच्याही गावात अशी प्रत कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असेल. पुढच्या पालक सभेच्या नोटीसमध्ये एक ओळ वाढवा : 'शाळेच्या कार्यक्रमाची जुनी सीडी-डीव्हीडी घरी असल्यास सोबत आणावी, कॉपी करून लगेच परत मिळेल.'